सातव्या पुस्तकाची खीर

नाही जी, पुस्तकाचा काही दोष नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो! नाही तं तुमी म्हनसान, लीलाबाई अंगठा टेकवनारी बाई, तिले काय पुस्तकाची कदर... कदर? अहो, आमच्या घरी पुस्तक हातातून पडलं तं उचलून कपाळाले लावतेत, आन् लेकरू पडलं तं म्हनतेत, ऊठ, काही नाही झालं! तं पुस्तकाचा दोष नाही. दोष हाय त्या यादीचा. सात पुस्तकाईची यादी. त्या यादीनं माह्या नातीचे साठ दिवस खाल्ले, खाल्ले तं खाल्ले, आन् शेवटी माह्या हातून असं एक काम करून घेतलं का... थांबा, शेवट आधी सांगितला तं तुमी उठून जासान. बसा.

तुमाले सांगतो, संघमित्रा माही नात. माहा पोरगा नागसेन, जो बालाघाट-वारासिवनी बसवर कंडक्टर हाय, त्याची पोरगी. शिकली, कम्पूटरची इंजिनेर झाली, पुन्याले कंपनीत लागली. तीन वर्स झाले. वार्डातल्या बाया मले इचारत, लीलाबाई, काय लिहिते वं तुही नात तिथं? मी म्हनो, ते लिहिते तं मशीन चालते, नाही लिहिलं तं मशीन बसून राह्यते. याच्याहून जास्त तिच्या बापालेही मालूम नाही.

आन् हे पोरगी आखाडात एका सकाळी दोन ब्यागा घेऊन दारात उभी! सन नाही, सुट्टी नाही, कोनाचं लगन नाही... मी म्हनलं, काहून आली व माय? तं म्हने, "घरून काम हाय, आजी." घरून काम! मंग डोळे काहून सुजले? घरून काम करनाऱ्याचे डोळे सुजतेत का, सांगा बरं?

तीन दिवस तोंड उघडलं नाही तिनं. चौथ्या दिवशी मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेल लावत लावत इचारलं, तवा निंगालं सारं. झालं काय, तिच्या कंपनीनं कोन्या मोठ्या दवाखान्यासाठी नंबर लावाचा प्रोग्राम बनवला, म्हंजे बिमार मानसाचा घरबसल्या नंबर लागते, पहाटेपासून लायनीत बसा लागत नाही. हिनं म्हनलं, सर, तपासनं बाकी हाय. तं तिचा साहेब, राजेंद्र सर, तो म्हने, "अरे जाँच-वाँच बाद में, सामनेवाला सिर पे बैठा है, भेज दो!" हिनं पाठवला. पन पाठवता पाठवता तिथंच लिहून ठेवलं, का हे तपासलं नाही, राजेंद्र सरनं सांगितलं म्हनून पाठवलं. दुसऱ्या दिवशी एकाच नंबरवर चार-चार बिमार, दवाखान्यात भांडनं, एक बुढा तं म्हने तिथंच चक्कर येऊन पडला. वरच्या साहेबानं इचारलं, चूक कोनाची? कागद काढला. लिहिलं कोनी? हिनं. म्हंजे हिले मालूम होतं. मालूम होतं तं पाठवलं काहून? झालं! चूक हिची!

आन् तो राजेंद्र सर हिले जवळ बसवून, गोड आवाज काढून म्हनते कसा, "देखो संघमित्रा, तुम लड़की अच्छी हो, पर तुम्हारी पढ़ाई कम पड़ रही है." पढाई! माह्या नातीची! जे पोरगी चिवड्याच्या पुडीचा कागद सुलटा करून वाचे, तेल लागलेला, आन् पुढचा तुकडा पाहिजे म्हनून पुन्हा चिवडा मागे! तं म्हने, "ये सात किताबें हर अच्छे सॉफ्टवेयर डेवलपर को पढ़नी ही चाहिए. साठ दिन. साठवें दिन मैं पूछूँगा." सांगता आलं तं नोकरी राह्यन. नाही आलं तं घरी बस.

तवा मी काय म्हनलं असन? मी म्हनलं, एवढंच ना? वाच! पुस्तक वाचून आजपर्यंत कोनाचं वाईट झालं? पुस्तकाचा काही दोष नाही.

पाच-सहा दिवसात पार्सलनं सहा पुस्तकं आली. सातवं नाही आलं. म्हनलं येईन मागून. आन् पुस्तकं कशी? एकेक एवढं जाड का दारात ठेवलं तं म्हैस आत येनार नाही. सारी इंग्रजी. पोरगी वाचाले बसली, मी समोर बसली पाहाले. आवाज नाही! ओठ हालत नाही! मनातल्या मनात! डोळे एकाच जागी, पान पलटत नाही, आन् बाराव्या पानावर टपकन पानी पडलं. मी म्हनलं, पोरी, हे वाचन होय का? हे तं पुस्तकासमोर रडनं होय.

आता आमच्याकडं वाचनाची एक रीत हाय. वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतेत, एक जन मोठ्यानं वाचते, बाकी बाया पांढऱ्या साड्या नेसून ऐकतेत, आन् ग्रंथ पुरा झाला का समापनाले खीर. मले अक्षर येत नाही, पन चाळीस वर्साचं ऐकलेलं हाय, कोन्या वर्सी कोनत्या पानावर कोनाले खोकला आला तेही सांगतो. तं माह्या डोक्यात वाचन म्हंजे हे. मी सपरीत, म्हंजे समोरच्या ओसरीत, स्टूल मांडला, त्याच्यावर पांढरा कपडा, त्याच्यावर पुस्तक, बाजूले जास्वंदाचं फूल. पोरगी म्हने, "आजी, हे तसं पुस्तक नाही!" मी म्हनलं, छापलं हाय ना? पानं हायेत ना? मंग बस. मोठ्यानं वाच, आन् आपल्या बोलीत सांग मले. मले समजलं तं समज तुले समजलं.

पहिल्या दिवशी मी एकटी. दुसऱ्या दिवशी शेजारची शेवंताबाई आली, तिले कोनत्याही घरात दोन मानसं बोलून राह्यली का आत याचीच आदत. तिसऱ्या दिवशी विहारातून सुटलेल्या बाया सरळ माह्या सपरीत! अकरा बाया. आन् अकरा बायाईसमोर वाचन सुरू झालं म्हंजे रीत लागली ना जी! एक पान सोडाचं नाही. पोरगी म्हने, "आजी, ही प्रस्तावना हाय, सोडून देऊ." सोडून देऊ? सोडाचंच होतं तं छापलं काहून? मंग वाचली प्रस्तावना. मंग लेखकानं ज्याईचे उपकार मानले त्याईची नावं वाचली, त्याची बायको, त्याची सासू, त्याचा कुत्रा... शेवंताबाई म्हने, "मानूस चांगला दिसते, सासूचे उपकार मानते." छापखान्याचा पत्ता वाचला. मागच्या पानावरची किंमत वाचली, बाया चूप झाल्या.

आन् प्रोग्राम कसा वाचतेत मालूम हाय का तुमाले? त्यात कंस राह्यतेत. कंस उघडा, काहीतरी, कंस बंद. पोरीनं कंस उघडला का साऱ्या बायाईनं बोट वर कराचं, बंद केला का खाली. एक दिवस पोरगी सोताचंच जुनं लिहिलेलं वाचून दाखवत होती, पान सरलं, आन् शेवंताबाई बोट वर करून बसलेलीच! म्हने, "पोरी, माहं बोट अजून वरच हाय, एक कंस उघडा राह्यला तुहा." पोरीनं पाह्यलं... खरंच राह्यलता! हासली. महिन्याभरात पहिल्यांदा हासली जी! मले वाटलं, वाचली पोरगी. त्याच दिवशी दुसरं पुस्तक सरलं, समापनाच्या खिरीले बायाईनं तीन-तीन वाट्या घेतल्या.

पन रीत पाळाची म्हंजे वेळ लागते. काल जी बाई आली नाही तिच्यासाठी कालचं पुन्हा सांगा. एकतीस दिवस गेले आन् पुस्तकं झाली दोन! वरून रोवन्याचे दिवस आले, बाया धान रोवाले चालल्या. आता? पोरगी म्हने, "मी एकटीच वाचतो." एकटी वाचली तं पुन्हा पानी टपकन. मी म्हनलं, चाल बांधीवर, धानाच्या शेतात! तुमाले सांगतो, बालाघाट जिल्ह्यात असं कोनी पाह्यलं नसन, अकरा बाया गुडघ्याएवढ्या गाऱ्यात वाकून रोवना करून राह्यल्या, आन् धुऱ्यावर, शेताच्या कडेले, छत्री घेऊन माही नात इंग्रजी पुस्तक वाचून राह्यली! मी तिच्या बाजूले, पुस्तकाले पानी लागू नये म्हनून पदर धरून. आन् बाया वाकल्या-वाकल्या, "कंस बंद!"

ते तिसरं पुस्तक होतं. त्यात एक लिफ्टवाला मिस्त्री होता. त्यानं दोर बदलवला, पन एक कडी उलटी बसली. त्याले समजलं. पन त्यानं कागदावर लिहिलं नाही, म्हनलं उद्या येऊन करतो, नाही तं मालक ओरडन. इथपर्यंत वाचलं आन् पोरगी पान पलटाले थांबली. अकरा बाया उभ्या! हातात रोप, कोनी खाली वाकत नाही. शेताचा मालक दुरून बोंबलून राह्यला, "बाई हो, रोवना! रोवना!" शेवंताबाई म्हने, "थांबा जी, लिफ्ट वर गेली हाय!" मालक रागानं आला, आन् धुऱ्यावर बसला, आन् म्हने, "मंग? काय झालं?" काय होनार? दुसऱ्या दिवशी लिफ्ट पडली. आत कोन होतं? तोच मिस्त्री. कडी सुलटी कराले वर चाललता.

मंग पोरीनं पुढचं वाचलं, का चूक दिसली तं लपवाची नाही, पहिले लिहून ठेवाची, कोनाची हाय ते मागून पाहाचं. मालक म्हने, "बराबर लिहिलं." आन् पोरगी पुस्तक मिटून माह्याकडं पाहून राह्यली. म्हने, "आजी, मी तं तेच केलं होतं." मी म्हनलं, हौ माय. पुस्तकाचा काही दोष नाही.

आता सातवं. बांधीवर दिवसभर वाचन चाले, म्हनून एक्कावन्न दिवसात सहावं सुरू झालं, पन सातव्याचा पत्ता नाही! नाव होतं, पोरीनं सांगितलं, आपल्या बोलीत 'इमानदार प्रोग्राम' असं काहीसं. फोनमध्ये मांगवलं, फोन म्हने नाही. बसस्टँडजवळ भैयालालचं पुस्तकाचं दुकान हाय, मी सोता गेली यादी घेऊन. त्यानं चश्मा लावला, यादी पाह्यली, म्हने, "अम्मा, इमानदार नाम का माल तो मेरे यहाँ कभी आया ही नहीं." मी म्हनलं, भैयालाल, ठट्टा नको करू, पोरीची नोकरी हाय याच्यात. तं त्यानं गोंदियाले फोन लावला, रायपूरले लावला. नाही. नागसेननं सुट्टी टाकली, नागपूरले गेला, दिवसभर दुकान-दुकान फिरला, संध्याकाळी रिकाम्या हातानं आला आन् चपला काढता काढता म्हने, "माय, तिथले लोक म्हनतेत असं पुस्तकच नाही." मी भडकली ना! मी म्हनलं, यादीत हाय म्हंजे हाय! लिहिलेलं खोटं राह्यन का? तुमाले दुकानं पाहता येत नाही आन् पुस्तकाले नाही म्हनता?

पाहा जी, माही अक्कल पाहा. ज्याले वाचता येत नाही त्याचा लिहिलेल्यावर किती भरोसा.

पोरीनं साहेबाले लिहिलं, सर, सातवं भेटत नाही. साहेबाचं उत्तर, "जिसको सच में सीखना है, वो ढूँढ लेता है." झालं. पोरीले वाटे, आपनच शोधाले कमी पडलो. जेवन सुटलं. शेवटी तिनं त्या लेखकालेच चिठ्ठी लिहिली, यादीत नाव होतं त्याचं, परदेशातला कोनी मास्तर, कम्पूटरवरून त्याचा पत्ता काढला. छप्पन्नाव्या दिवशी त्याचं उत्तर आलं. पोरीनं वाचलं, मंग पुन्हा वाचलं, मंग मले सांगितलं. तो म्हने, बेटी, हे पुस्तक मी लिहिलं नाही. कोनीच लिहिलं नाही. मले असं इचारनारी तू चौथी हायेस. तुह्या साहेबानं यादी मशीनले, म्हंजे इचारलं का उत्तर देनाऱ्या कम्पूटरले, मांगली असन, आन् मशीनले सहा नावं सापडली, सातवं तिनं मनानं जोडलं असन.

ऐका! म्हंजे सहा पुस्तकं मानसानं लिहिली, सातवं कोनीच नाही, आन् साहेबानं? साहेबानं तं यादीही सोता लिहिली नाही!

बाया म्हने, बरं झालं, आता साहेबाले दाखव ते चिठ्ठी, तोंड बंद होईन. मलेही वाटलं. साठाव्या दिवशी सपरीत त्याच स्टूलवर, त्याच पांढऱ्या कपड्यावर लॅपटॉप मांडला. बाया बाजूले ओळीनं, चूप राहाची शपथ घेतलेल्या. राजेंद्र सर दिसला. मी वाकून पाह्यलं, केस रंगवलेले. सहा पुस्तकाईचं एक अक्षर इचारलं नाही जी त्यानं! सरळ, "सातवीं पढ़ी?" पोरगी म्हने, "सर, सातवीं किताब है ही नहीं. लेखक की चिट्ठी है, भेज रही हूँ." कसं सांगू, तिचा आवाज नाही हालला. तिसऱ्या पुस्तकात जसं लिहिलं होतं तसंच केलं तिनं, चूक दिसली, सांगितली, कोनाची हाय ते मागून.

साहेब म्हने, "देखो, यही दिक्कत है तुम्हारी. तुम हर बात में दूसरे की गलती निकालती हो."

आन् शेवंताबाईची शपथ सुटली! उठली, लॅपटॉपात तोंड घातलं, म्हने, "साहेब, एक सांगा बरं! तिसऱ्या पुस्तकातल्या लिफ्टवाल्या मिस्त्रीचं शेवटी काय झालं?" साहेब दचकला, "ये कौन है?" पोरगी म्हने, "पड़ोस की मावशी है, सर. इन्होंने छह की छह सुनी हैं." शेवंताबाई म्हने, "सांगा ना! तुमीच सांगितलं ना वाचाले? काय झालं मिस्त्रीचं?" साहेब इकडं पाहे, तिकडं पाहे... "हैलो? हैलो? नेटवर्क..." आन् गायब. आमच्या इकडं नेटवर्क एकदम साफ होतं, त्याच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ दिसून राह्यलं होतं, साडेतीन.

चार वाजता कागद आला. सातापैकी एक पुस्तक न वाचल्यामुळं. लिहून दिलं जी, तसंच! जे पुस्तक जगात नाही ते वाचलं नाही म्हनून पोरीची नोकरी गेली.

मंग काय. लॅपटॉप उचलला. स्टूल तसाच राह्यला, पांढरा कपडा तसाच, सातव्याची जागा रिकामी. बाया म्हने, लीलाबाई, समापनाची खीर? मी म्हनलं, वाचन पुरं झालं नाही, खीर कशाची? रीत म्हंजे रीत. पोरगी दीड महिना फोन घेऊन अर्ज करे. इकडून नाही, तिकडून नाही. त्या कागदात लिहिलं होतं ना, का हे पोरगी चुका करते आन् वाचत नाही. विहारातली वर्षावासाची समाप्ती झाली, बायाईनं पांढऱ्या साड्या धुऊन ठेवल्या, धान पिवळं झालं, आन् माही नात सपरीच्या खांबाले टेकून. मले म्हने, "आजी, त्या दिवशी 'हौ सर, वाचलं' म्हनलं असतं तं?" मी म्हनलं, असं नाही बोलाचं, माय. आपन नाही बोलत असं.

हे मी बोलली. ध्यानात ठेवा.

मंग नागपूरच्या एका कंपनीनं बोलावलं, म्हंजे असंच, लॅपटॉपवर. त्याच स्टूलवर मांडला. बायाईले या वेळी मी येऊच दिलं नाही. मी एकटी, दाराच्या आड, पोरीले दिसन अशी, साहेबाले दिसनार नाही अशी. साहेब चांगला वाटे, हसून बोले. कंस-बिंस इचारलं, पोरीनं फटाफट सांगितलं. आन् शेवटी तो म्हनते कसा, "हम अपने यहाँ आनेवालों को कुछ किताबें बताते हैं, अच्छे डेवलपर के लिए. तुमने कौन-कौन सी पढ़ी?" आन् त्यानं आपली यादी लॅपटॉपवर दाखवली.

सर्वात वर, सातवं!

पोरगी एकदम पांढरी पडली. आन् साहेब खुश होऊन, "अरे, ये ऊपरवाली, 'ईमानदार प्रोग्राम', तो मेरी सबसे पसंदीदा है! दो बार पढ़ चुका हूँ. तुमने पढ़ी?"

दोन बार!

पोरीनं लॅपटॉपवरून नजर उचलली आन् दाराकडं पाह्यलं. माह्याकडं. तुमाले सांगतो, किती वेळ पाह्यलं असन? एक कंस उघडून बंद होईन एवढाच. पन त्या एवढ्यात मले सारं दिसलं, तिची सुटलेली भाकर, नागसेनच्या नागपूर फिरून आलेल्या चपला, तो लिफ्टवाला मिस्त्री, आन् तिनं लिहून ठेवलेलं ते एक वाक्य ज्याच्यापायी हे सारं झालं. एक पान सोडाचं नाही म्हननारी मी! कुत्र्याचं नाव सोडू दिलं नाही मी!

मी मान हालवली. हौ.

पोरगी साहेबाकडं वळली, हासली, म्हने, "हौ... हाँ सर, पढ़ी है. बहुत अच्छी है."

दुसऱ्या दिवशी नोकरीचा कागद आला. बाया म्हने, लीलाबाई, म्हंजे सातवं भेटलं वाटते! मी म्हनलं, हौ, भेटलं. मंग समापन कराच लागते ना जी. मोठ्या गंजात खीर केली, विलायची टाकली, काजू टाकले, याच्या आधीच्या सहाही खिरीत टाकले नव्हते. अकरा बाया बसल्या, पोरगी बसली, मी बसली. शेवंताबाईनं इचारलं, "काय होतं वं पोरी त्या सातव्यात?" पोरगी खाली पाहून खीर खात राह्यली, वर नाही पाह्यलं.

पुस्तकाचा काही दोष नाही. खीरही चांगली झालती. फक्त दुसऱ्यांदा कोनी मांगितली नाही.